कॉन्स्टेबल म्हणजे कोण? उत्तर तबेल्यात सापडेल!

फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज हमखास फिरतो. त्यात ‘पोलीस’ शब्दाचा फुलफॉर्म दिलेला असतो. पी म्हणजे पोलाइट, ओ म्हणजे ओबिडियंट, एल म्हणजे लॉयल वगैरे. मुलं तो जनरल नॉलेज म्हणून पाठही करतात. पण या शब्दाला फुलफॉर्म नाहीच! तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ नगर या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. नगराचा कारभार, एवढाच त्याचा जुना अर्थ.

‘कॉप’चंही तसंच. कोणी सांगतं ‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’, कोणी सांगतं गणवेशाची तांब्याची बटणं. दोन्ही गोष्टी मागाहून जुळवलेल्या. इंग्रजीत ‘कॉप’ हे पकडणे या अर्थाचं जुनं बोलीतलं क्रियापद होतं. पकडणारा तो ‘कॉपर’ आणि त्याचं झालं ‘कॉप’.

हे सगळं शोधायला निमित्त झालं आमच्या शेजारच्या मुलीचं. तिचे वडील पोलीस कॉन्स्टेबल. नव्या शाळेचा फॉर्म भरताना वडिलांच्या पदाच्या रकान्यात ‘कॉन्स्टेबल’ लिहायला ती तयार होईना. ‘‘काकू, नुसतं पोलीस लिहिलं तर चालेल ना?’’ तिनं हळूच विचारलं. वडील तिथंच बसले होते. काही बोलले नाहीत.

खरं तर हा शब्द मुळात चांगलाच मानाचा. लॅटिनमधला ‘कोमेस स्टाबुली’ म्हणजे राजाच्या अश्वशाळेचा प्रमुख. घोडदळावर राज्यं टिकत होती तेव्हा हा माणूस राजाच्या अगदी जवळचा असे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये तर कॉन्स्टेबल हा राजाचा सेनापती होता. ‘मार्शल’सुद्धा घोड्यांची देखभाल करणारा सेवकच. आणि कॉन्स्टेबलच्या वरचा ‘सार्जंट’? त्याचा मूळ अर्थ सेवा करणारा, म्हणजे नोकर!

१८२९ मध्ये ब्रिटनचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचं नवं पोलीसदल उभारलं. आपल्यावर लष्कर बसवलं जातंय अशी भीती लोकांना होती. म्हणून गणवेश सैनिकांसारखा लाल न ठेवता निळा ठेवला. हुद्देही कॅप्टन, मेजर असे न ठेवता कॉन्स्टेबल, इन्स्पेक्टर, सुपरिंटेंडंट असे ठेवले. सार्जंट तेवढा लष्करातला राहिला. लोकांनी या पोलिसांना पीलसाहेबांचंच नाव दिलं. रॉबर्टचं लाडकं रूप ‘बॉबी’ आणि आडनावावरून ‘पीलर’. पहिला क्रमांक मिळालेला शिपाई मात्र पहिल्याच दिवशी दारू प्यायल्यामुळे घरी गेला, ही गंमत वेगळीच.

इंग्लंडमध्ये आजही प्रत्येक पोलीस कॉन्स्टेबल म्हणूनच शपथ घेतो. पुढे कितीही बढती मिळाली तरी कायद्यानं त्याच्याकडे असलेले अधिकार कॉन्स्टेबलचेच. लंडनबाहेरच्या बहुतेक दलांचा सर्वोच्च अधिकारी तर ‘चीफ कॉन्स्टेबल’च म्हणवतो. आपल्याकडे इंग्रजांनी शब्द आणला, पण वरची पदं बराच काळ स्वतःसाठी ठेवली. आजही शिपाई, फौजदार आणि आयपीएस यांची भरती वेगवेगळ्या दारांतून होते. त्यामुळे कॉन्स्टेबल ही इथं फक्त तळाची पायरी ठरली. शब्द घसरला नाही, आपणच त्याला खाली बसवलं, असं मला वाटतं.

मी हे त्या वडिलांना सांगितलं तर ते हसले. ‘‘वहिनी, आमच्या वाट्याला घोडा कुठला? नाकाबंदी आली!’’

‘शेरीफ’ मजेशीर आहे. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी. दोन्ही मिळून शेरीफ. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी मतदानानं निवडून येतो आणि त्याच्याकडे बंदूक असते. मुंबईचा शेरीफ मात्र नुसता मानाचा, पोलिसांशी संबंध नाही. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर हे दोघेही मुंबईचे शेरीफ होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा ‘डीएसपी’ शब्दावरून हमखास गोंधळ होतो. आपल्या जुन्या मंडळींच्या तोंडी डीएसपी म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि उपअधीक्षक म्हणजे डीवायएसपी. उत्तरेत आणि इतर अनेक राज्यांत मात्र डीएसपी म्हणजेच उपअधीक्षक. तेलंगणानं २०२४ मध्ये क्रिकेटपटू मोहम्मद सिराजला डीएसपी केलं, ते हेच पद. बदली होऊन गेलात तर पत्र लिहिण्याआधी एकदा विचारून घ्या.

मुलं परदेशी शिकायला चालली असतील तर त्यांनाही थोडं सांगून ठेवा. सिनेमात ऐकलं म्हणून समोरच्या पोलिसाला ‘कॉप’ म्हणू नये. ती शिवी नाही, पण तोंडावर म्हणण्याचा शब्दही नाही. ‘पिग’ मात्र सरळ शिवी आहे. अमेरिकेत राज्य पोलीस ‘ट्रूपर’ आणि शेरीफच्या हाताखालचे ‘डेप्युटी’. हे लक्षात राहिलं नाही तर ‘ऑफिसर’ म्हणावं, तिथं आणि ब्रिटनमध्येही चालतं. बाई असो वा पुरुष, शब्द एकच. लंडनच्या पोलिसांनी महिला कॉन्स्टेबलच्या हुद्द्यामागचं ‘वुमन’ १९९९ मध्ये काढून टाकलं.

शेजारच्या मुलीचा फॉर्म शेवटी तिच्या आईनंच भरला. त्या रकान्यात तिनं ठळक अक्षरांत ‘पोलीस कॉन्स्टेबल’ लिहिलं.