प्रत आहे, पण उगवेल का?

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्यातला, छत्तीसगडच्या सीमेवरचा डोंगराळ आणि जंगलाचा तालुका. मुंबई-हावडा लोहमार्ग इथून जातो. शेती मुख्यतः धानाची. इथे राहून मी परिसरातल्या काही राईस मिल आणि धान-व्यापाऱ्यांच्या संगणकांची देखभाल करतो. 'व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप' हा विषय महानगरांतल्या बड्या कंपन्यांचा, असा सर्वसाधारण समज आहे. पण कोणाकडून किती क्विंटल धान आले, कोणाचा चुकारा निघाला आणि कोणाचा राहिला, हे आता वहीत नसते. मिलच्या कार्यालयातल्या एका सर्व्हरवर असते. तो सर्व्हर बंद पडला तर त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचते.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, समजून घ्यायला जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाडा एक, बिऱ्हाडे तीन. प्रत्येकाची चूल वेगळी, विहीर आणि छप्पर मात्र सामाईक. सर्व्हर हा तो वाडा. त्यावर हायपरव्हायझर नावाची प्रणाली बसवली की एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र संगणक नांदू लागतात: एकात हिशेब, दुसऱ्यात वजनकाट्याच्या नोंदी, तिसऱ्यात कार्यालयाच्या फाइली. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली १९७२ साली आणली होती. खर्च आणि वीज वाचते, हा यातला फायदा. छप्पर कोसळले की तिन्ही बिऱ्हाडे एकदम उघड्यावर येतात, हा धोका. पण बचावाची वाटही याच रचनेत आहे. आभासी यंत्र म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही फाइली. त्या सुखरूप असतील, तर अख्खे बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसह दुसऱ्या वाड्यात हलवता येते.

इथे पहिला गैरसमज आड येतो, तो 'स्नॅपशॉट'चा. एक कळ दाबली की यंत्राची त्या क्षणाची स्थिती राखली जाते, म्हणून अनेकजण त्यालाच बॅकअप समजतात. प्रत्यक्षात स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क गोठवली जाते आणि पुढचे बदल शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. म्हणजे स्नॅपशॉट मूळ डिस्कवरच उभा असतो. डिस्क जळली की दोन्ही गेले. एखादे नवे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी तासा-दोन तासांसाठी तो उपयोगी आहे. महिनोन् महिने ठेवला तर ती बदलांची फाइल फुगत जाते आणि जागाच संपवते.

दुसरी गोष्ट क्षणाची. हिशेबनीस नोंद करत असतानाच प्रत घेतली, तर नावे बाजू लिहिली गेली आणि जमा बाजू राहिली, असे होऊ शकते. वीज अचानक गेल्यावर संगणक ज्या अवस्थेत सापडेल, तशीच ती प्रत असते. म्हणून चांगली बॅकअप प्रणाली आधी आभासी यंत्राच्या आतल्या डेटाबेसला सूचना देते: हातातले व्यवहार पुरे कर आणि क्षणभर थांब. विंडोजमध्ये हे काम 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' ही सेवा करते. अशी प्रत उघडल्यावर खाती जुळलेली मिळतात.

मग किती वेळा प्रत घ्यायची? याचे उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, मालकाने द्यायचे असते. त्याला दोन प्रश्न विचारावेत. किती तासांचे काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि किती वेळ काम बंद राहिलेले चालेल? रात्री दहाला प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला सर्व्हर गेला, तर दिवसभराच्या सगळ्या पावत्या गेल्या. खरेदीच्या हंगामात हे परवडणारे नाही. एरवी कदाचित परवडेल.

दुसऱ्या प्रश्नाला साधे गणित लागते. तिन्ही यंत्रे मिळून ५०० गीगाबाइट आहेत आणि इंटरनेटचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे, असे धरू. पूर्ण प्रत दूर पाठवायला सुमारे १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक लागतील. परतीचा वेगही तेवढाच असेल, तर आणायलाही तितकेच. पण पहिल्या पूर्ण प्रतीनंतर रोज फक्त बदललेले भाग पाठवले आणि ते ५ गीगाबाइट असले, तर काम तासा-सव्वातासात उरकते. आणि तीच ५०० गीगाबाइटची प्रत कार्यालयातल्या वेगळ्या डिस्कवर असेल, तर सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने ती दीड तासाच्या आत परत येते. म्हणून जवळची प्रत वेगासाठी आणि दूरची प्रत आगीसाठी, पुरासाठी, चोरीसाठी.

हाच विचार 'तीन-दोन-एक' या नियमात आहे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो रूढ केला: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. खंडणीखोर सॉफ्टवेअर आल्यापासून त्यात एक भर घालावी लागते. दूरची प्रत नुसती दूर असून पुरत नाही. रोजच्या पासवर्डने तिच्यापर्यंत पोचता येता कामा नये. याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर असा हल्ला झाला. मुख्यालय आणि प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय काम ठप्प झाले. मात्र क्लाउडवर वेगळ्या नेटवर्क विभागात ठेवलेल्या बॅकअप प्रतींना संसर्ग झाला नाही, असे महामंडळाने तेव्हा कळवले. तो वेगळेपणा नसता तर प्रतीही कुलूपबंद झाल्या असत्या.

तरीही एवढ्याने भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली गेली आणि मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती कागदावर होत्या. पाहिले तर एकही धड चालत नव्हती. रात्रीची प्रत कधीपासून अयशस्वी होत होती आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. चाचणीच्या कामासाठी कोणीतरी सहा तासांपूर्वी स्नॅपशॉट घेतला होता, त्यावर निभावले.

आमच्याकडचा शेतकरी या बाबतीत अधिक सावध. घरचे बियाणे तो खायच्या धानात मिसळत नाही आणि पोते भरलेले आहे एवढ्यावर पऱ्हे टाकत नाही. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळतो, काही दिवसांनी उघडतो आणि कोंब मोजतो. बॅकअपलाही हीच कसोटी हवी. दर तीन महिन्यांनी एखादी प्रत दुसऱ्या यंत्रावर, नेटवर्कपासून तोडून, सुरू करावी. जोडलेली राहिली तर मूळ यंत्र आणि जुळे एकमेकांत गोंधळ घालतात. मग हिशेब उघडावा, ठरलेल्या तारखेची शिल्लक छापील कागदाशी ताडावी, शेवटची पावती कोणती ते पाहावे आणि सगळ्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. मी मिलमालकांना पडद्यावरची 'बॅकअप यशस्वी' ही हिरवी खूण दाखवत नाही. प्रतीतून उघडलेल्या यंत्रावर एखाद्या शेतकऱ्याच्या थकलेल्या चुकाऱ्याची नोंद काढून दाखवतो. ती नोंद दिसली, तरच बॅकअप आहे असे म्हणायचे.