नेत्रांविना जन्म : दोष मातेचा नव्हे

नवजात अर्भकाच्या पापण्यांआड नेत्रगोलच नसावा, असा प्रसंग क्वचितच उद्भवतो. दर लाख जन्मांमागे सुमारे तीन. अशा वेळी ग्रहण पाळले नाही म्हणून मातेलाच बोल लावला जातो. या समजुतीस शास्त्राचा कोणताही आधार नाही.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच मेंदूच्या अग्रभागापासून डोळ्यांची घडण सुरू होते. ती खुंटण्यामागे पुष्कळदा जनुकीय दोष असतो. त्यांपैकी ‘सॉक्स-२’ या जनुकातील दोष २००३ मध्ये उजेडात आला. तो बहुधा मातापित्यांत नसतो. अपत्यात नव्यानेच उद्भवतो. हे जनुक मेंदू व अन्ननलिका यांच्या घडणीतही कार्य करते. तेराव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्यास डोळ्यांबरोबर हृदय, ओठ व टाळू यांतही व्यंग आढळते. म्हणूनच अशा अर्भकाची सर्वांगीण तपासणी त्वरित व्हावयास हवी. दूध पाजताना ठसका लागत असेल, तर विलंब घातक ठरतो.

दृष्टी देणारा उपचार नाही. तथापि नेत्रगोलाअभावी खोबणीची व चेहऱ्याची वाढ खुंटते. ती व्हावी म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच मापाचे कृत्रिम कवच बसवून ते क्रमाक्रमाने मोठे करावे लागते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांच्या तपासणीची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा बालकास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मातेवरील ठपका दूर करून बालकास प्रथम रुग्णालयाची व पुढे शाळेची वाट दाखविणे, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांचे कर्तव्य होय.