सोडण्याआधी विचारा

नळीतून चुंबक सोडून लेन्झचा नियम दाखवायचा, तर रायपुरात एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे तांब्याची मीटरभर नळी मिळते. मागताना सरळच मागावी. वेटोळ्यातून कापलेल्या नळीत कुठेतरी बाक राहतोच, चुंबक तिथे घासतो आणि मुलं तेवढंच पकडतात: ‘सर, अटक गया!’ मग लेन्झचा नियम बाजूला राहतो.

बारावीच्या वर्गात आधी चुंबकाएवढाच लोखंडी तुकडा नळीत सोडतो. अर्ध्या सेकंदात खाली. मग निओडायमियमचा चुंबक. तो तांब्याला चिकटत नाही, हे एकाला पुढे बोलावून बघायला लावतो. आता हा कसा पडेल? प्रत्येकाने वहीत लिहायचं, कारणासकट. तास कितीही मागे पडलेला असो, ही पाच मिनिटं मी सोडत नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी हे तपासून २००४ साली प्रसिद्ध केलं: प्रयोग नुसता पाहिलेल्यांना न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळलं नव्हतं, आधी अंदाज बांधलेल्यांना कळलं होतं.

चुंबक सोडला की वरून डोळा लावलेली मुलगी ओरडते, ‘अभी भी अंदर है!’ चुंबकाच्या हालचालीने नळीच्या भिंतीत उमटलेले, गोल फिरणारे प्रवाह त्याच हालचालीला अडवत असतात; हाच लेन्झचा नियम. टाळ्या पडतात, पण खरा प्रश्न पुढे आहे. तोंडाशी दोन भोकं पाडून नळी दोऱ्याने ताणकाट्याला टांगतो. चुंबक आत उतरत असताना काटा किती दाखवेल? बहुतेकजण लिहितात, नळीचंच वजन. चुंबक तर कशाला धरून नाही. काटा दोघांचं मिळून दाखवतो. वेग स्थिर, म्हणजे नळी चुंबकाला त्याच्या वजनाइतकंच वर ढकलते. तेवढ्याच बळाने चुंबक नळीला खाली दाबतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे भेटेल, असं कुणाला वाटलेलं नसतं.

सगळेच प्रयोग असे हुकमी नसतात. बारावीचा पहिला धडा स्थिर विद्युतचा, तो आमच्याकडे पावसाळ्यात येतो आणि दमट हवेत भार टिकत नाही. तो मी थंडीत पुन्हा दाखवतो.

१९७२ साली सुरू झालेल्या ‘होशंगाबाद विज्ञान’ या शालेय कार्यक्रमात प्रयोग मुलंच करत. ते मला पटतं. चुंबक एक आणि मुलं साठ असली तरी नळी धरणारा हात मुलाचाच हवा. अशाच एका हाताने विचारलं, ‘सर, पाइप को लंबाई में चीर दें तो?’ चिरलेली नळी आता कपाटात असते. तिच्यात चुंबक लवकर पडतो, तरी लोखंडाइतका नाही: मोठी वर्तुळं तुटतात, भिंतीतले छोटे भोवरे उरतात. पण हे सांगण्याआधी वह्या उघडाव्या लागतात.