नाक, गुडघा आणि कणा

पश्चिमोत्तानासन शिकावयास येणारा मनुष्य बहुधा पहिल्याच दिवशी मला विचारतो, "नाक गुडघ्याला किती दिवसांत टेकेल?" मी म्हणतो, "नाकाचे तूर्त राहू द्या. आपण वाकता कोठून, ते आधी दाखवा." वाचकहो, या आसनाचे सारे मर्म या 'कोठून'मध्ये आहे.

'पश्चिम' म्हणजे शरीराची मागची बाजू. टाचेपासून मानेपर्यंत तिला ताण द्यावयाचा. याने जठराग्नी प्रदीप्त होतो, पोट कृश होते, अशी थोरवी 'हठप्रदीपिके'त गायिली आहे. ती ऐकून पुष्कळजण दिवाळीचा फराळ संपताच पाय पसरून बसतात आणि झटके देऊ लागतात. तेथेच घात होतो.

मांडीमागचे स्नायू वर बैठकीच्या हाडांना आणि खाली गुडघ्यापलीकडे पायाच्या हाडांना जोडलेले असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे हे स्नायू आखडलेले असतात. ते ओटीपोटाच्या हाडांना पुढे कलू देत नाहीत. मग सगळा वाकवा कमरेच्या मणक्यांवर पडतो आणि त्यांच्यामधल्या चकत्यांवर भलताच दाब येतो.

म्हणून कुल्ल्यांखाली घोंगडीची जाड घडी घ्यावी. पाय पसरून ताठ बसावे. गुडघे थोडे वाकले तरी खुशाल वाकू द्यावेत. पावलांभोवती पंचा टाकून त्याची टोके धरावीत आणि श्वास सोडीत जांघेतून, दाराच्या बिजागरीसारखे, पुढे कलावे. पाठीला पोक येऊ लागला की तेथेच थांबावे. पाचसहा संथ श्वास घेऊन सावकाश वर यावे. झटका नको, पाठीवरून कोणी दाबणे तर नकोच नको.

जेवणानंतर तीनचार तास जाऊ द्यावेत. झोपेतून उठल्याबरोबरही हे आसन करू नये. रात्री आडवे पडल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर हिंडूफिरू द्यावे. ज्यांची चकती सरकली आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत, अंतर्गळ आहे किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून याच्या वाटेस जाऊ नये. मांडीमागचा ताण चालेल. कमरेतून पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या येताच आसन सोडावे.

लाभ कोणते? आखडलेले स्नायू मोकळे होतात, श्वास संथ होतो, मन निवते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, ते योगाचे दावे प्रयोगाच्या कसोटीला लावण्यासाठी. त्याच कसोटीने बोलायचे, तर पोटाचा घेर नुसत्या वाकण्याने उतरत नाही. त्यासाठी चालावे लागते आणि चकल्या मोजून खाव्या लागतात.

माझ्याकडे एक निवृत्त कारकून येतात. दोन वर्षे झाली, त्यांची बोटे अजून नडगीपुढे सरकलेली नाहीत. परंतु पूर्वी बुटाची नाडी बांधताना ते नातवाला हाक मारीत. आता स्वतः वाकून बांधतात. माझ्या हिशेबी त्यांना आसन साधले आहे.