संगणकाचा अंगरखा

शाळेतला संगणक सुरू केला की पडद्यावर काय दिसते? मागे एखादे निसर्गचित्र, खाली किंवा वर एक पट्टी, पट्टीच्या टोकाला घड्याळ आणि इकडेतिकडे मांडलेली छोटी छोटी चिन्हे. हे सारे दिसले म्हणजे आपण म्हणतो, "संगणक सुरू झाला." पण जे दिसते तो काही संगणक नव्हे, आणि संगणक चालवणारी प्रणालीही नव्हे. तो त्या प्रणालीच्या अंगावरचा अंगरखा आहे. इंग्रजीत त्याला डेस्कटॉप म्हणतात. हा अंगरखा उतरवून दुसरा घालता येतो. एवढेच नव्हे, तर तो मुळीच नसला तरी संगणक बिनतक्रार चालतो. मी हे पुस्तकात वाचले होते खरे, पण मनोमन पटले ते मुखेडजवळच्या एका शाळेत, आणि तेही माझ्याच चुकीमुळे.

त्या शाळेत २०१०च्या सुमाराला घेतलेले सहा संगणक होते. प्रत्येकात २ जीबी रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. त्यांवर विंडोज ७ ही प्रणाली होती. तिच्यातील सुरक्षेच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवल्या. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चाही नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला तर किमान ४ जीबी रॅम लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. आमच्या सहा म्हाताऱ्यांकडे यातले काहीच नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, बघा काही होतंय का. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. किलोवर नेतो म्हणतो."

मी त्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली. लिनक्स म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते अशी प्रणाली. तिचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. डेबियन बसवताना डेस्कटॉप कोणता हवा, असे विचारले जाते. मी विचार न करता पहिला पर्याय स्वीकारला. त्याचे नाव ग्नोम. दिसायला देखणा. पण एक पान उघडून दुसरे उघडले की संगणक जागच्या जागी थिजे आणि हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राही. दोन दिवसांनी तिथले शिक्षक म्हणाले, "सर, यापेक्षा जुनंच बरं होतं." मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

असे का होते? येथे थोडे भौतिकशास्त्र कामी येते. चालू कामाची सारी सामग्री रॅममध्ये असावी लागते. रॅम भरली की प्रणाली त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. आता गणित करा. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. टोक योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळाच, तो सोडून द्या. उलट रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे ०.०००१ मिलिसेकंद लागतो. फरक झाला ४२ हजार पटींचा! समजा, टेबलावरचे पुस्तक उचलायला तुम्हांला एक सेकंद लागतो. तर याच प्रमाणात डिस्कवरचे पुस्तक आणायला साडेअकरा तासांहून अधिक लागतील. तेवढ्या वेळात मुखेडहून एसटीने पुण्याला पोहोचून वर चहाही घेता येईल.

म्हणजे युक्ती एकच: रॅम भरू द्यायची नाही. रॅम वाढवायला पैसे हवेत, ते शाळेकडे नव्हते. मग खर्च कमी करायचा. आणि रॅमचा मोठा वाटा तर अंगरखाच खात होता. कारण ग्नोम प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्रपणे स्मृतीत रंगवतो आणि मग ती चित्रे एकावर एक ठेवून पडदा तयार करतो. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा घ्या. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर पडदाभर पसरलेल्या एका खिडकीला सुमारे ४२ लाख बाइट लागतात. हा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने मांडायचा, तर सेकंदाला २५ कोटी बाइटांची ने-आण झाली. चांगली ग्राफिक्स चिप असेल तर ती हे काम हसत करते. जुन्या चिपला ते झेपले नाही, तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. शिवाय शोध, सूचना, दिनदर्शिका असे कितीतरी छोटे प्रोग्रॅम पडद्याआड जागे असतात, ते निराळेच.

आता हा अंगरखा कशाचा शिवलेला असतो ते पाहू. सर्वांत आत गाभा, म्हणजे कर्नेल. तो प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांचा कारभार पाहतो. त्याला चित्रे काढता येत नाहीत. पडद्यावर चित्र उमटवण्याचे आणि माऊसची हालचाल टिपण्याचे काम दुसरा एक प्रोग्रॅम करतो. लिनक्सवर बरीच वर्षे हे काम एक्स विंडो प्रणालीने केले. ती १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. आता तिची जागा हळूहळू वेलँड घेत आहे. त्यावर खिडक्यांना चौकट देणारा प्रोग्रॅम, पट्टी दाखवणारा, फाइली दाखवणारा, असे एकेक प्रोग्रॅम येतात. या शेवटच्या जथ्याला मिळून डेस्कटॉप म्हणायचे. आणि अगदी दारात उभा असतो तो नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा पहारेकरी. तोही एक वेगळाच प्रोग्रॅम असतो, हे लक्षात ठेवा. माझी फजिती त्यानेच केली.

हे थर सुटे असल्यामुळे अंगरखे अनेक झाले. १९९६ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे शिकणाऱ्या मातियास एट्रिखने केडीई सुरू केला. पण केडीई ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीवर उभा होता ती त्या वेळी पुरती मुक्त नव्हती. म्हणून १९९७ साली मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा घाट घातला. एक्सएफसीई हा हलका अंगरखाही १९९६चाच. पुढे २०११ साली ग्नोमने आपले रूप मुळापासून बदलले. अनेकांना ते रुचले नाही. एरवी अशा वेळी माणूस कुरकुर करून गप्प बसतो. पण इथे आज्ञावली खुली होती. अर्जेंटिनातील एकाने जुन्या ग्नोमची आज्ञावली घेऊन त्यातून माते नावाचा डेस्कटॉप पुढे चालू ठेवला. माते हे दक्षिण अमेरिकेतील एका चहासारख्या पेयाचे नाव आहे.

मी एक्सएफसीई निवडला. कृती सोपी आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि आज्ञा टंकायची: 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सएफसीई४'. (आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यायच्या; येथे उच्चार दिला आहे.) यातला 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि 'ॲप्ट' म्हणजे डेबियनचा कोठारपाल. लागणारे सगळे भाग तो स्वतःच आंतरजालावरून आणून जागच्या जागी बसवतो. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि ती नेमकी मध्येच गेली. अशा वेळी घाबरू नये. 'सुडो डीपीकेजी' लिहून, जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'कॉन्फिगर', मग पुन्हा जागा सोडून एक आडवी रेघ आणि 'ए' असे टंकले की अर्धवट राहिलेली मांडणी पुरी होते.

इथवर ठीक होते. पण मला घाई. वाटले, आता जुन्या ग्नोमचे काय काम? म्हणून मी त्याचा पहारेकरी, जीडीएम३, काढून टाकला. नव्याची सोय केलीच नव्हती. संगणक पुन्हा सुरू केला तर पडदा काळा, आणि वरच्या कोपऱ्यात एकच शब्द: 'लॉगिन'. चित्र नाही, पट्टी नाही, माऊसचा बाणही नाही. भोवती नववीची मुले उभी होती. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, गेला का?"

क्षणभर मलाही तसेच वाटले. मग नाव टंकले, परवलीचा शब्द टंकला आणि 'एलएस' ही आज्ञा दिली. मुलांच्या सगळ्या फाइलींची नावे ओळीने उमटली. म्हणजे गाभा जागा होता, डिस्क जागी होती. अंगरखा तेवढा नव्हता. तोही पेटीत होताच. 'स्टार्टएक्सएफसीई४' एवढे टंकले आणि काळ्या पडद्यातून पट्टी, चिन्हे, घड्याळ, सारे बाहेर आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर थरांची आकृती काढून जे तासभर सांगितले असते ते त्यांनी दोन मिनिटांत पाहिले. नंतर लाइटडीएम हा हलका पहारेकरी बसवला. तुम्ही हे करून पाहाल तेव्हा सुरुवातीलाच 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' हा संच मागवा. त्यात पहारेकऱ्यासकट सगळे येते. आणि जुना डेस्कटॉप आठवडाभर तरी काढू नका. दोन्ही सुखाने एकत्र नांदतात. नाव टंकताना दारातच कोणता हवा ते निवडता येते.

फरक किती पडला, हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, मोजा. नुकत्याच सुरू केलेल्या संगणकावर टर्मिनलमध्ये 'फ्री' लिहून, जागा सोडून, आडवी रेघ आणि 'एम' टंकले की वापरात असलेली स्मृती मेगाबाइटमध्ये दिसते. ग्नोममध्ये हा आकडा १ जीबीच्या आसपास जातो, तर एक्सएफसीईमध्ये तो बहुधा त्याच्या निम्म्याजवळ राहतो. मात्र आंतरजालावरची जड पाने जडच राहतात. अंगरखा हलका केला म्हणून म्हाताऱ्याचे गुडघे तरुण होत नाहीत.

तरी एक अडचण उरली. पाचवीच्या बाईंना पडद्यावरचे शब्द मराठीत हवे होते. पडद्यावरचे शब्दही असे सुटे असतात. ते आज्ञावलीत कोरलेले नसून प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलीत ठेवलेले असतात. ग्नोमच्या मराठी फाइली पुण्यातील रेड हॅट कंपनीत काम करणाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून तयार केल्या. त्याच कंपनीने २००४ साली लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त केले. जुन्या ग्नोममधून माते निघाला तेव्हा या मराठी फाइली त्याच्याबरोबर आपोआप आल्या. कोणाला त्या पुन्हा लिहाव्या लागल्या नाहीत. म्हणून सहांपैकी दोन संगणकांवर आम्ही माते बसवला. तो एक्सएफसीईपेक्षा किंचित जड, पण त्या यंत्रांना झेपला.

सोमवारी भंगारवाला आला, त्याने जुने बाक आणि दोन मोडके पंखे नेले. संगणकांच्या खोलीत सहावीतली एक मुलगी मातेची यादी वाचत होती. त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून तिने विचारले, "सर, असं कोण बोलतं?" शब्द खरोखरच बोजड होता. मी तिला ती भाषांतराची फाइल उघडून दाखवली. साधा मजकूर, वरच्या ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी. तिने खुर्ची पुढे ओढली आणि आपला शब्द टंकू लागली.