मेकेलची पिशवी
गर्भात बाळाचं आतडं आणि बेंबीकडची बाजू जोडणारी एक बारीक नळी असते. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ती विरून जाते. शंभरात साधारण दोघांच्या लहान आतड्याच्या शेवटाकडे तिचा बुंधा पिशवीसारखा उरतो. जर्मन शरीररचनातज्ज्ञ योहान मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचं मूळ उलगडलं, म्हणून नाव त्यांचं.

बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. पण कधी कधी तिच्या अस्तरात चक्क जठराच्या पेशी सापडतात. त्या तिथेही इमानेइतबारे आम्ल पाझरवतात, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि रक्त वाहू लागतं. दीड-दोन वर्षांचं मूल, पोट दुखत नाही, आणि लंगोट मात्र विटकरी-लाल. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. मोठ्यांत आतड्याला पीळ पडून अडथळा येतो. पिशवी सुजली तर दुखणं हुबेहूब अपेंडिक्सचं, आणि खरं काय ते पुष्कळदा ऑपरेशन टेबलावरच कळतं.

सोनोग्राफी, सीटी स्कॅनमध्ये ती सहज निसटते. रक्तस्राव असेल तर टेक्नेशियमचा स्कॅन करतात. शिरेतून दिलेलं हे द्रव्य जठराच्या अस्तरात गोळा होतं, आणि पडद्यावर जठराखेरीज पोटात खाली आणखी एक ठिपका उजळतो. अस्तर साधं असेल तर तो ठिपका येतच नाही. म्हणून स्कॅन कोरा आला तरी संशय पक्का असेल तर सर्जन दुर्बिणीतून पोटात पाहतात.