जंगल ट्रेकहून परतल्यावर ताप आला तर

पावसाळा संपला की आर्णी, घाटंजी, दिग्रसकडची अनेक मुलं, आणि आता चाळिशी-पन्नाशीतले पालकसुद्धा, गाइडसोबतच्या तीन-चार दिवसांच्या जंगल ट्रेकला जाऊ लागले आहेत. कोणी आंबोली-तिलारीच्या परिसरात जातं, कोणी कोयनेच्या खोऱ्यात, कोणी गोव्यात मोलेमच्या जंगलात. जाण्याआधी बूट कोणते घ्यावेत हे सगळे विचारतात. परतल्यावर ताप आला तर काय करायचं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते जास्त महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

आपलं टिपेश्वर किंवा पैनगंगेचं जंगल कोरडं, सागवानाचं आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं जंगल दाट, ओलं आणि वर्षभर हिरवं असतं. तिथले किडे वेगळे आणि तिथली उष्णताही वेगळी. आम्हाला ४५ अंशांची सवय आहे, असं आपल्याकडचे लोक अभिमानानं सांगतात. ती सवय तिथे फारशी कामाला येत नाही. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. दमट जंगलात घाम नुसता गळत राहतो, वाळत नाही, त्यामुळे ३२ अंशांतही माणूस भोवळ येऊन पडू शकतो. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरोबर नाही, कारण घामासोबत मीठही जातं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभर थोडी थोडी प्यावी. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी टाकून पिणं चुकीचं आहे.

आता तापाबद्दल. जंगलातले बहुतेक आजार जंगलात असताना दिसत नाहीत. जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत काही दिवस जातात, आणि तोपर्यंत तुम्ही घरी पोहोचून कामाला लागलेले असता. मग ताप आल्यावर ‘हवा बदलली’ किंवा ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तो अंगावर काढला जातो.

ताप नेमका किती दिवसांनी आला, यावरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो. डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत दिसतो. ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे शिरणारा लेप्टो बहुधा पाच ते चौदा दिवसांत, कधी महिनाभरानंही. त्यात पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात आणि काहींना कावीळ होते. फॅल्सिपेरम मलेरिया डास चावल्यापासून सात दिवसांच्या आत सहसा येत नाही. म्हणून जंगलात शिरल्यापासून तिसऱ्याच दिवशी ताप आला तर कारण बहुधा दुसरं असतं.

स्क्रब टायफसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अतिशय बारीक किड्याच्या अळीमुळे तो होतो. चावा जाणवतही नाही. साधारण सहा ते एकवीस दिवसांनी ताप आणि जोराची डोकेदुखी सुरू होते. यासाठी सह्याद्रीतच जायला हवं असंही नाही. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात या आजाराचे बरेच रुग्ण सापडले होते. चावलेल्या जागी अनेकांना न दुखणारी काळी खपली येते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली अशी लपलेली असते. दुखत नसल्यामुळे रुग्ण ती सांगत नाही आणि संकोचामुळे दाखवत नाही. ही एक खपली दिसली तर निदान त्याच दिवशी होऊ शकतं. घरी आरशासमोर किंवा घरच्यांकडून नीट पाहून घ्या आणि सापडली तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकालाच ती येते असं नाही, त्यामुळे ती नसली म्हणजे आजार नाही, असंही समजू नका.

आपल्याकडे कुठल्याही तापाला विडाल तपासणी करून ‘टायफॉइड’ म्हणायची आणि सलाइन लावून घ्यायची सवय आहे. टायफॉइडसाठी दिली जाणारी नेहमीची इंजेक्शनं स्क्रब टायफसवर चालत नाहीत. वेळेत डॉक्सिसायक्लिन सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम होऊन अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. हे औषध स्वतःहून मात्र घेऊ नका. गर्भवतींना वेगळं औषध द्यावं लागतं.

तिलारी, दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीकडे गेला असाल तर माकडतापही लक्षात ठेवा. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. तो गोचिडीतून पसरतो, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका ट्रेकचाच हंगाम. चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी मोठा ताप आणि अंगदुखी सुरू होते, काहींना रक्तस्राव होतो. त्यावर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल केल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. गाइडला सांगा, तो वनखात्याला कळवेल.

अंगावर गोचीड सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढा, मग जागा साबणानं धुवा. जनावराच्या गोचिडीला लावतो तसं रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. जळवांची लोकांना जास्त किळस येते, पण त्या मानानं त्या निरुपद्रवी. नखानं हळूच सरकवून काढा आणि जागा दाबून धरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त थांबायला वेळ लागतो.

साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, झाडपाला लावणं यातलं काहीही नको. हातपाय न हलवता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपली प्रतिविषाची लस चालते, तिथल्या चापड्यासारख्या सापांवर नाही. तरीही रुग्णालयातच जायचं, कारण साप कोणता आणि उपचार काय, हे तिथेच ठरतं.

निघण्यापूर्वी काही जणांनी मात्र डॉक्टरांना भेटायलाच हवं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर दिवसभर चालल्यानं एकदम खाली जाऊ शकते. बीपीच्या काही गोळ्यांत लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध असतं. आणि आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णानं असा ट्रेक टाळलेलाच बरा. फक्त वाहक असलेल्यांना एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना अति श्रम केल्यास त्यांच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. तपासणी कधीच झाली नसेल तर ट्रेकच्या निमित्तानं करून घ्या.

ट्रेकनंतर महिनाभरात ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तोवर फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. श्वास लागणं, गुंगी, लघवी कमी होणं, कुठूनही रक्त येणं यापैकी काही दिसलं तर थेट यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय गाठा. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: “मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक जंगलात होतो.” मोबाइलमधल्या फोटोंवर तारखा असतात, त्या दाखवल्या तरी चालेल. व्हायवॅक्स मलेरिया कित्येक महिन्यांनीही उलटू शकतो, म्हणून पुढचं वर्षभर ताप आला तर हे सांगत जा. आणि गटातल्या एकाला निदान झालं, की ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच दिवशी टाका. बाकीच्यांपैकी एखादा कुठेतरी साध्या तापाच्या गोळ्या घेत बसलेला असेल.